पिशवीत झाकलेला पाऊस

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात घरासमोर रिक्षाची वाट पाहत उभा होतो. त्यांच्या मुलाचा फोन होता. "काका, नाना गेले. आंघोळ करून ओट्यावर बसले आणि..." पुढे त्याला बोलवेना. मी उगाच घड्याळ पाहिलं. आठ चाळीस झाले होते, पहाटेपासून पावसाची रिपरिप चालू होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, आजचा पाऊस मोजला का कोणी?" पोराने फोनच ठेवला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असंच त्याला वाटलं असणार. या गोष्टीला आता दीड महिना होत आला.

नाना पाटबंधारे खात्यात होते. जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेला एका लहानशा धरणावर त्यांची सगळी नोकरी झाली. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि तालुक्याला कळवायचं. तालुक्याला म्हणजे मला. मी तहसील कचेरीत नैसर्गिक आपत्तीच्या टेबलावरचा कारकून. कोणत्या तालुक्यात, ते सांगत नाही, सांगून काही फरकही पडत नाही. मी मूळचा पिंपळनेरचा, त्यामुळे फोन उचलला की अहिराणीत विचारायचो, "काय शे नाना, आज कितला?" त्यांच्या पूर्वेकडच्या बोलीत 'शे' नाही, 'आहे'; म्हणून ते मुद्दाम ताणायचे, "आधी आहे म्हण रे भो, मग आकडा सांगतो." वर्षानुवर्षं हाच खेळ. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. या गृहस्थाने धरणावरच्यासारखंच पर्जन्यमापक करवून घेतलं, नरसाळं, बाटली, मोजायची काचेची नळी, सगळं नियमाप्रमाणे, आणि स्वतःच्या अंगणात मधोमध पुरलं. एकदा मी मुक्कामाला होतो, सकाळी चहासाठी जीव कासावीस झालेला, तर अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, हसून म्हणाल्या, "साडेआठशिवाय या घरात चहा नाही भाऊ. आधी त्यांचा पाऊस." वहीत तीन रकाने असायचे, तारीख, पाऊस आणि शेरा. शेऱ्यात 'नाल्याला पूर', 'वाऱ्याने केळी आडवी' असं दोन-चार शब्दांत लिहिलेलं.

आता माझ्या टेबलाबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दर वर्षी मे महिन्यात पावसाळापूर्व तयारीची बैठक व्हायची. त्या बैठकीचा अहवाल मी तयार करायचो. तयार कसला करायचो... गेल्या वर्षीचा काढायचो आणि वर्ष बदलायचो. 'तालुक्यातील सर्व पर्जन्यमापक यंत्रे सुस्थितीत आहेत.' हे वाक्य मी किती वर्षं लिहिलं कोण जाणे, आणि त्यातलं एकही यंत्र डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. साहेब सही करायचे, चहा-बिस्किटं व्हायची, झाली तयारी!

तीन वर्षांपूर्वी नानांच्या गावावर भर दुपारी आभाळ फाटलं. दोन-अडीच तास समोरचा माणूस दिसत नव्हता म्हणे. नाला गावात शिरला, अंगणवाडीची मागची भिंत घेऊन गेला, काठच्या शेतांमधली काळी माती धुऊन खाली मुरूम उघडा पडला. नशीब की मुलं घरी गेलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचा फोन आला. "भाऊ, एकशे अठरा. काचेची नळी पाच वेळा भरली." मी संगणकावर पाहिलं. आमच्याकडे दहा-पंधरा गावांचं मिळून एक मंडळ आणि मंडळाला एक यंत्र. ते यंत्र नानांच्या गावापासून दोन कोसांवर. त्यावर आकडा होता चार. पासष्ट मिलिमीटरच्या वर गेला तरच अतिवृष्टी, आणि इथे चार! मला हसूच आलं, सगळं पाणी काय एकाच गावात पडणार! मी म्हणालो, "बठ्ठं पानी तुमनाच गावमा पडनं का नाना?" ते हसले नाहीत. हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दोन दिवसांनी नाना वही घेऊन कचेरीत हजर. त्यांना मदतीचे पैसे नको होते, नाल्याला संरक्षक भिंत हवी होती. अंगणवाडी नाल्याच्या तोंडावर, पुन्हा असा पाऊस झाला आणि मुलं आत असली तर? पण भिंतीच्या प्रस्तावाला अतिवृष्टीची नोंद लागते, आणि नोंद यंत्राची लागते, नानांच्या वहीची नाही. "माझी वही मानू नको," ते म्हणाले, "पण ते यंत्र तरी एकदा पाहू, चल." मी टाळाटाळ केली. ते माझ्या टेबलासमोरच्या बाकावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसून राहिले. शेवटी गेलो त्यांच्या मोटरसायकलवर.

ग्रामपंचायतीच्या आवारात, तारेच्या कुंपणात यंत्र उभं होतं. आणि त्यावर निळी पिशवी! केळीच्या घडाला डाग पडू नयेत म्हणून आमच्याकडे जी घालतात तीच, वरून खाली ओढलेली आणि बुडाशी सुतळीने गच्च आवळलेली. पंचायतीचा शिपाई धावत आला, आम्ही शाबासकी द्यायला आलोय अशा चेहऱ्याने. "पाऊस लागायच्या आधीच घातली साहेब. सरकारी यंत्र, भिजलं तर बिघडलं असतं ना भो!" मी नानांकडे पाहिलं. ते आधी पोट धरून हसले, मग तिथेच पायरीवर बसले. घडाच्या पिशवीला हवेसाठी बारीक भोकं असतात. त्या भोकांतून जे काही ठिबकलं, ते चार मिलिमीटर सरकारने मोजलं होतं. शिपायाला काय बोलणार? घडाला जपतो तसं त्याने यंत्राला जपलं. यंत्र कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांच्यात मीही होतो. नाना म्हणाले, "फोटो काढ, आणि लिही. एवढी एक ओळ लिही, भाऊ. यंत्रावर पिशवी होती." मी फोटो काढला, मोबाइलमध्ये अजून आहे.

कचेरीत येऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी पंखा वाढवायला लावला आणि शांतपणे म्हणाले, "एका ठिकाणी पिशवी लिहिलीत, तर उद्या बाकीची यंत्रं कोणी तपासली ते विचारतील. मे महिन्यात सुस्थितीचा अहवाल कोणी लिहिला?" मी लिहिला होता. माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते, पेन्शनचे कागद निघायचे होते. मी फाइलवर लिहिलं, 'मंडळात अतिवृष्टीची नोंद नसल्याने प्रस्ताव विचारात घेता येत नाही.' संध्याकाळी नानांचा फोन आला. "लिहिलंस का?" मी म्हणालो, "लिहिलं नाना. उत्तर येईल." असं बोलून गेलो... फोन ठेवला आणि गपचूप घरी गेलो.

त्यानंतर मी धुळ्याला राहायला आलो. नाना दर पावसाळ्यात विचारायचे, "उत्तर काय आलं रे?" मी म्हणायचो, वर गेलंय, जिल्ह्याला आहे, मुंबईला आहे. त्यांचा विश्वास होता. सरकारवर नव्हता, माझ्यावर होता, याचाच जास्त त्रास होतो. जोराचा पाऊस लागला की हा सत्तरीचा माणूस छत्री घेऊन अंगणवाडीच्या दारात उभा राहायचा, नाल्याकडे तोंड करून. भिंत नव्हती, म्हणून स्वतः उभा राहायचा. आणि आम्ही आपत्ती व्यवस्थापनाच्या फाइलींना लाल फिती बांधत होतो.

दहाव्याला गर्दी होती, अक्कांशी बोलणं झालं नाही. म्हणून गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. सकाळी आठला पोहोचलो. पर्जन्यमापक जागेवर होतं, भोवतालचं गवत उपटलेलं. अक्कांनी वही आणून माझ्यापुढे ठेवली. त्यांना लिहिता येत नाही, नळीवरचे आकडे तेवढे ओळखतात. "रोज पाणी मोजते, आकडा नातवाकडून टिपवून घेते," त्या म्हणाल्या. मी पानं चाळत मागे गेलो. एकशे अठरा सापडले. पुढचा शेऱ्याचा रकाना कोरा. सगळ्या वहीत तेवढाच कोरा.

"तो भाऊसाठी ठेवलाय म्हणायचे," अक्का म्हणाल्या. "उत्तर आलं की भरायचा."

मग खिशातलं पेन काढलं आणि त्या रकान्यात लिहिलं, 'यंत्रावर केळीची पिशवी होती. मी स्वतः पाहिली. फाइलवर लिहिलं नाही.' खाली सही केली. अक्कांनी विचारलं, काय लिहिलं. मी वाचून दाखवलं. शेवटचं वाक्यही वाचलं.

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मग एवढे दिवस ते वाट कशाची पाहत होते?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. साडेआठ झाले होते. उठल्या, अंगणात गेल्या, नरसाळं काढलं, बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतलं आणि नळी डोळ्यांसमोर धरून तिथूनच म्हणाल्या, "सात. आजचं तरी खरं लिहा."