त्यांच्या हातचा चहा

दृष्टी गेल्यावर माणसं रोजचं जगणं पुन्हा कसं शिकतात, याचा अभ्यास आमच्या गावच्या नेत्ररुग्णालयात चालू आहे. ह्यांनी आपणहून त्यात नाव दिलं. म्हणाले, "माझी नजर काही परत येणार नाही, पण पुढच्या कुणाला तरी उपयोग होईल." सोबत म्हणून मीही गेले.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्यापुढे थर्मास आणि कप ठेवला. "काका, चहा ओता."

माझा हात आपसूक पुढे गेला. "काकू, तुम्ही बसा ना," त्या हळूच म्हणाल्या.

ह्यांनी कपाच्या काठावरून बोटाचं टोक आत सोडलं आणि सावकाश चहा ओतला. बोटाला ऊब लागताच थांबले. थेंबही सांडला नाही.

"कुठे शिकलात?"

"घरीच. ही भाजी आणायला गेली की करून बघतो." ते हसले. "हिच्यासमोर केलं तर हिचा जीव घाबरा होतो. मग हिलाच करू देतो सगळं."

मी खाली मान घातली. शर्टाची बटणं, कालवलेला भात, चपलेत सरकवलेला पाय, सगळं मी मायेनेच करत आले. त्या मायेखाली त्यांच्या हातांना कामच उरलं नव्हतं. आणि मला सांभाळायचं म्हणून ते गप्प बसत होते.

"घे, गरम आहे," म्हणत ह्यांनी कप माझ्याकडे धरला. किती दिवसांनी त्यांच्या हातचा चहा मिळत होता. मी कप घेतला आणि थर्मास त्यांच्याच हाताशी राहू दिला.