पाचांतली जागा

इंद्रजीत राठोड चाकणच्या कारखान्यातली तीन वर्षांची नोकरी आटोपून घाटंजीजवळच्या आपल्या तांड्यावर परतला. तिकडे घरची भाकरी आणि गावचे मित्र फार आठवायचे, असं तो सगळ्यांना सांगत फिरला. खरं म्हणजे त्याला आठवत होता मोबाइलवरचा बंदुकांचा खेळ, आणि त्या खेळातली आपली जागा.

सहा-सहा जणांच्या दोन टीम, एकमेकांवर गोळ्या झाडायच्या आणि मधला चौक ताब्यात ठेवायचा, असा तो खेळ. सगळ्यात पुढं मोठी ढाल घेऊन उभा राहतो त्याला टँक म्हणतात. इंद्रजीत टँक होता. सहाही जण तांड्यावरचे. स्पर्धेत दोन्ही टीम एकाच खोलीत बसत, म्हणून हाका गोरबोलीत, म्हणजे तांड्यावरच्या बंजारा बोलीतच द्यायच्या, म्हणजे समोरच्यांना आपला डाव कळत नाही, ही शक्कल त्याचीच. यवतमाळची पोरं नुसती तोंडाकडे पाहत राहायची आणि हे त्यांना झोडपून काढायचे. चाकणला बारा तासांच्या पाळीत खेळणं सुटलं, पण आपली जागा आपल्यासाठी राखून ठेवलेली असेल, असं तो धरून चालला होता. माणूस असलं बरंच काही धरून चालतो.

मधल्या काळात खेळाचा दुसरा भाग आला होता. इंद्रजीतनं तो पहिल्यांदा उघडला घाटंजीच्या बसस्टँडजवळ, रोशनच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. टीम रोज संध्याकाळी तिथंच जमायची. रोशन त्यातला हीलर, म्हणजे जखमी गड्यांना बरं करणारा. दोन वर्षांपूर्वी आलेला आणि तांड्याबाहेरचा एकटाच.

दुसऱ्या भागात रंग भडक झाले होते. चौकातला पूल गायब होता, ज्याच्याखाली इंद्रजीतनं आपली उमेदीची वर्षं काढली होती. ढाल चार गोळ्यांत तडकत होती. माणसं आधीपेक्षा जोरात धावत होती आणि तितक्याच लवकर मरत होती. सगळ्यात वाईट म्हणजे टीम आता सहाची नव्हे, पाचाची झाली होती, आणि पूर्वी चालायचे दोन टँक, आता एकच. पंधरा मिनिटांत तो नऊ वेळा मेला आणि ज्यांनी हा खेळ बनवला त्यांच्या नावानं बोटं मोडू लागला.

पण पुलाचं दुःख वरवरचं होतं. तो एक टँक म्हणजे बबिता, त्याला भिया, म्हणजे दादा, म्हणणारी त्याची धाकटी बहीण. चाकणला जाताना यानंच तिला आपला जुना मोबाइल अभ्यासासाठी दिला होता, आणि तिनं हाही अभ्यास केला. आता टीम चालवणारा प्रेम, म्हणजे इंद्रजीतचा लहानपणापासूनचा जोडीदार, दर दोन वाक्यांनंतर बबिताला विचारू म्हणायचा. इंद्रजीतच्या पोटात दुखू लागलं. तो तिच्या मागं उभा राहून तिच्या चुका शोधायचा, आणि त्या सापडत नसत म्हणून आणखी जळायचा. पोरगी अगदी तुझ्यावर गेली, असं आई एकदा कौतुकानं म्हणाली, तर हा जेवणावरून उठला.

रविवारी यवतमाळला स्पर्धा होती. इंद्रजीतनं प्रेमला सरळ सांगितलं की मी आलोय, माझी जागा मला द्या. प्रेमला कुणालाच दुखवायचं नव्हतं. बुधवारी ढाणकीच्या टीमशी एक डाव खेळ, जमलं तर जागा तुझी, असं तो म्हणाला. बबितानं काही कुरकुर न करता खुर्ची सोडली आणि रोशनच्या मागं स्टूल ओढून बसली.

इंद्रजीतनं कानात हेडफोन कोंबले आणि जुन्या सवयीनं गोरबोलीत हाका सुरू केल्या. आणि काय सांगावं, टीम हलली. तो पुढं म्हणाला की सगळे पुढं, मागं म्हणाला की मागं. ढाल तडकली की रोशन नेमका पाठीशी हजर. ढाणकीवाले हरले. इंद्रजीतनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बहिणीकडे पाहिलं, तिचं तोंड उतरलंय का म्हणून. ती घटाघटा पाणी पीत होती.

प्रेमनं रविवारची जागा त्याला देऊन टाकली. तेवढ्यात रोशननं अगदी साधेपणानं विचारलं, "दादा, रविवारी बबिताताईले माह्या मांगं बसू देतीन का? तिथं तर पाचच जणांले आत घेतात."

तिचं तिथं काय काम, असं इंद्रजीतनं विचारलं.

"तुमचं मले काहीच समजून नाही राह्यलं होतं. ताई एकेक गोष्ट मराठीत सांगे, म्हणून मी येत होतो. दोनदा तर तुम्ही बोललेच नाही, तरी तिनं सांगतलं."

रोशन टीममध्ये आला त्याच आठवड्यात बबितानं हाका मराठीत आणल्या होत्या. इंद्रजीतनं त्या ऐकल्या होत्या, पण मराठीत का ते विचारलं नव्हतं, आणि मोठ्या भावाला शिकवायला कुणी धजावलं नव्हतं. म्हणजे ढाणकीला हरवलं ते तिनं, तेही मोबाइल हातात न घेता. त्याला तिचा इतका राग आला की त्या दिवशी तो तिला सोबत न घेता एकटाच तांड्यावर निघून गेला.

गुरुवारी आणि शुक्रवारी त्यानं मराठीत हाका द्यायचा सराव केला. चाकणला तीन वर्षं तो सुपरवायझरशी मराठीतच बोलला होता. पण गोळ्या सुरू झाल्या की तोंडातून गोरबोलीच निघायची, आणि रोशन कुठं जावं न कळून उभ्या जागी मरायचा. वर रोशनच माफी मागायचा. त्यापेक्षा त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर इंद्रजीतला बरं वाटलं असतं.

शनिवारी दुपारी बबिता दारात पुस्तक घेऊन बसली होती. इंद्रजीतनं मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. आपण जागा सोडतो म्हणायचं; ती नको भिया, तूच जा म्हणेल; आपण पुन्हा नाही म्हणायचं; ती गळ घालेल, प्रेमलाही बोलावून आणेल. मग पुढचं पुढं पाहू. निदान तिला मागावं तरी लागेल, एवढंच त्याला हवं होतं. चेहरा जमेल तितका मोठ्या मनाचा करून त्यानं सांगितलं की उद्या तूच जा, मला हा दुसरा भाग काही आवडला नाही.

"बरं, भिया," बबिता म्हणाली, आणि मोबाइल चार्जिंगला लावायला उठून गेली.