जीभ वर करून दाखव

टीबीच्या पेशंटनं गोळी माझ्या ओसरीवर, माझ्या डोळ्यांदेखत गिळायची. गिळली की तोंड उघडायचं आणि जीभ वर करून दाखवायची. हे काम आशाताईनं मला दिलं, कारण टीबी मलाही झाला होता आणि मला घाबरत नाही असा माणूस गावात नाही. शाळा मी पाहिली नाही. अक्षरं जुळवायला शिकली ती गोळ्यांच्या पाकिटावरून. एकेक पेशंट सहा महिने रोज समोर बसला की किस्से आपोआप साचतात. एकट्या सुखदेवचेच घ्या.

*

सुखदेव राईस मिलमध्ये हमाल. खोकला लागला तर म्हणे, "कोंड्याचा आहे मावशी, मिलमधल्या सगळ्यायलेच आहे." चार महिने नुसतं सिरप प्याला. त्याच्या घरी गेली, तर चुलीमागे सिरपच्या बाटल्यांची रांग. त्यांत त्याच्या बायकोनं, कमलानं, जवसाचं तेल भरून ठेवलेलं.

मी म्हटलं, "खोकला नाही गेला, पण तेलाची सोय झाली."

*

मग थुंकी तपासायची डबी दिली. सकाळची पहिली थुंकी पाहिजे होती. रिपोर्ट आला, टीबी नाही. घरात आनंद, आणि खोकला तसाच. मी कमलाला विचारलं, "डबीत कोण थुंकलं?"

"मीच. हे पहाटेच कामावर गेले होते. एकाच घरची तं आहे मावशी."

दुसरी डबी मी स्वतः सुखदेवच्या तोंडासमोर धरून उभी राहिली. टीबी निघाला.

*

गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी गडी आलाच नाही. जाऊन पाहते तर खाटेवर पडलेला. "लघवी लाल होऊन राहिली मावशी. रक्त जाऊन राहिलं. मरतो मी या गोळीनं."

"गोळीचा रंग आहे तो. माझी सहा महिने तशीच होती. मी मेली का?"

त्यानं मला नीट न्याहाळलं. "तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमाले यम बी भेते."

पण गोळी घेतली.

*

चौथ्या महिन्यात अंग भरलं, तसं म्हणाला, "आता बरा आहो. काहून घेऊ?"

"धान रोवला, निंदला, आणि कापायच्या आधी बांधावर झोपतो का रे?"

दुसऱ्या दिवशी हजर.

*

पाचव्या महिन्यात त्याच्या पोरीला पाहायला नदीपल्याडचे पाहुणे आले. घरात टीबी आहे म्हटलं की सोयरीक मोडते, या गावात मी मोडलेली पाहिली आहे. सुखदेवनं सकाळीच निरोप पाठवला, "आज नको, उद्या दोन घेतो."

मी गोळ्या पदराला बांधल्या आणि मागच्या दारानं त्याच्या घरामागच्या सांदवाडीत गेली. त्याला परसातच बोलावून घेतलं.

"मावशी, पाय धरतो. कोणी पाह्यलं तं पोरीचं लगन मोडन."

"म्हणून तर मागून आली. गिळ."

त्यानं गिळली. सवयीनं तोंड उघडलं, जीभ वर केली. मी वाकून पाहत होती, तेवढ्यात हात धुवायला पोराचा बाप लोटा घेऊन मागं आला.

सुखदेवचं तोंड उघडंच राहिलं. माझ्या हातात रिकामं पाकीट. पाहुण्यानं पाकिटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, लोटा खाली ठेवला आणि जवळ आला.

"जीभ अजून वर घ्या, व्याही. आमच्या गावची गोळीवाली बाई मले एवढ्यात सोडत नोहोती."