अक्काचा कडक आधार

अक्काची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तिने दार उघडलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि "काढा" म्हणाली. मी चपला काढल्या. "शर्ट!" ती गरजली. तिच्या आवाजाने जिन्यातलं मांजर दोन मजले उतरून गेलं. पुढची पंधरा मिनिटं मी भावी सासऱ्यांसमोर बनियनवर बसून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. शर्ट परत आला तो असा, की कॉलरने मान कापली गेली असती तरी रक्ताचा थेंब इस्त्री मोडून पुढे सरकला नसता.

अक्का माझी थोरली मेहुणी. तिचं कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान आहे, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर खळ हाच उपाय, अशी तिची श्रद्धा आहे. आई लवकर गेल्यामुळे धाकटीला, म्हणजे माझ्या बायकोला, तिनेच वाढवलं. धाकटीचं पडसंसुद्धा अक्काच्या मालकीचं. नवरा म्हणून माझा नंबर नेहमीच दुसरा होता, आणि मी त्यात सुखी होतो.

मग एके दिवशी धाकटीच्या एका स्तनातून लालसर पाणी येऊ लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दुधाच्या नळीच्या तोंडातून केसाएवढी नळी घालून औषध सोडायचं आणि फोटो काढायचा. भूल नको, मुक्काम नको. त्या दिवशी पावडर-अत्तर लावायचं नाही, आधी दाबून पाहायचं नाही, आणि घरी जाताना घालायला चांगला आधार देणारी, मऊ सुती ब्रा आणायची. सोबत एकच माणूस.

धाकटीने सोबतीला वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंना सांगितलं. त्यांची हीच तपासणी पूर्वी झाली होती.

अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिचं काय गं एवढं कौतुक?"

"अगं, त्यांना माहिती आहे कसं असतं ते."

"म्हणजे मला झालं नाही हा माझा गुन्हा? थांब, मीही करून घेते!"

आणि गेली की! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तुम्हाला काही तक्रार नाही ना?" "माझ्या तक्रारी ऐकायच्या तर तुम्हाला रजा टाकावी लागेल," अक्का म्हणाली. तपासणी काही करून मिळाली नाही. परत आली ती थेट जिना चढून गाण्याच्या बाईंकडे. "तुम्हाला कितीसं दुखलं होतं?" "थोडं चुरचुरलं." "वाटलंच. आमच्या धाकटीला जास्त दुखेल." मत्सरातही माहेरचा अभिमान सुटत नाही माणसाला.

शेवटी तिने तोडगा काढला. निदान त्या दिवशीचे कपडे तरी आपल्या दुकानातून जायला हवेत. पुढून उघडणारा शर्ट आणि ती ब्रा तिने स्वतःच्या हातांनी धुतली, वाळवली, घडी घालून पिशवीत दिली.

तपासणी सुरळीत झाली. सुई नव्हे, नुसती नळी. मग ताण बसल्यासारखं वाटलं, यंत्रात दाब बसला, संपलं. आता कपडे घालायचे. पडद्याआडून धाकटीची किंकाळी आली आणि बाहेर मी, गाण्याच्या बाई आणि दोन अनोळखी नवरे एकदम उभे राहिलो. (सोबत एकच, पण मी गुपचूप मागून गेलो होतो.) अक्काने ब्रा खळीत घातली होती! टेबलावर ठेवली की ती स्वतःच्या पायावर उभी राहत होती.

"आधार हवा म्हणालात ना?" संध्याकाळी अक्का म्हणाली. "मग लुळा आधार काय कामाचा?"

गाण्याच्या बाईंनी आपली जुनी, मऊ ब्रा धाकटीला दिली. कापडात गुंडाळलेला बर्फही त्यांचाच. धाकटी पलंगावर पडून हसत होती आणि हसताना दुखतंय म्हणून कण्हत होती. अक्का दाराशीच उभी.

"दात पडला तरी माझ्या मुठीत आणून ठेवायचीस. आता हे सगळं तिला आधी कळतं."

"अक्का, तू आलीस ना, की मला तुझंच रडू आवरत बसावं लागतं. तिथे मला माझं आवरायचं होतं."

अक्काने बर्फाची पुडी उचलली, कापड सैल बांधलंय असं पुटपुटली, आणि पुन्हा बांधून दिली. दोन दिवस अक्का आणि गाण्याच्या बाई पलंगाच्या दोन बाजूंना पहारेकऱ्यांसारख्या बसल्या. एकीने उशी सारली की दुसरी परत सारे.

अहवाल आला. नळी जराशी फुगली होती, बाकी काही नाही. वर्षाने पुन्हा दाखवा.

वर्षाने तपासणीच्या सकाळी दोघीही नटूनथटून आमच्या दारात हजर झाल्या. धाकटी एकटीच बसने गेली होती, आणि तपासणी उरकून तिथूनच कामावर गेली.