म्हस्के सरांच्या बटणावरची लाल चिंधी

म्हस्के सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. सावेडीच्या कॉलेजात झाडलोटीला लागून माझा तो पहिला दिवस. चिप डिझाईनच्या प्रयोगशाळेची फरशी नुकती पुसली होती आणि हे गृहस्थ बुटांसकट आत. मी म्हटलं, "ओ, खाली बघून चाला की जरा!" ते मागं फिरले, बूट काढले आणि अनवाणी आले. खोली त्यांचीच आहे, हे मला दुपारी कळलं. तेव्हापासून तिथं सगळेच बूट बाहेर काढतात. विद्यार्थ्यांना वाटतं, चिपला धूळ चालत नाही म्हणून.

मी चौथी शिकलेली. सरांच्या साठीच्या गौरवग्रंथात हिचा लेख कशाला, असं कुणीतरी विचारलं म्हणे. विचारणाऱ्यानं ती खोली एक दिवस झाडून दाखवावी, मग बोलू.

सरांचं काम मला कळलं तेवढं सांगते. नखाएवढ्या चिपमध्ये विजेच्या लाखो वाटा असतात. त्यांचा नकाशा सर आणि त्यांची मुलं संगणकावर काढत. तो बरोबर आहे का, हे संगणक तीन-तीन दिवस तपासत बसे. मग तो नकाशा परदेशी कारखान्यात जाई आणि चिप हातात यायला कितीतरी महिने लागत. बाळंतपण लवकर उरकतं.

एकदा स्क्रीन काळी दिसली. पोरं संगणक बंद करून बटण तेवढं विसरून गेली, असं समजून मी भिंतीवरचं बटण बंद केलं. तपासणीचा तिसरा दिवस होता तो. कारखान्याची तारीख हुकली. सरांची विद्यार्थिनी सायली रडकुंडीला आली, "मावशी, काय करून ठेवलंत हो!" एकजण तर म्हणाला, हिला काढाच.

सर म्हणाले, "बटणावर खूण नव्हती. ती करायला मी विसरलो." त्यांनी लाल कापडाची चिंधी फाडून बटणाला बांधली. कागद चिकटवला नाही. मला वाचायला वेळ लागतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी चारचौघांत कळू दिलं नाही. सर मूळचे पुणतांब्याचे, माझ्याशी गावाकडचंच बोलत.

"मावशी, चिंधी हाय तवर हात लावायचा न्हाई."

"आन् सोडली की?"

"सोडली की तुमी चहा टाकायचा."

चिपच्या कोपऱ्यात थोडी जागा उरते, तिथं बारीक चित्र काढायची या लोकांत रीत आहे. पुढच्या खेपेला सरांनी मला विचारलं, काय काढू? म्हटलं, "झाडू काढा, माझी चूक ध्यानात राहील." त्यांनी खरंच काढला. चिप आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवला. मी म्हटलं, "काड्या कमी हायेत."

चिप मात्र मुकी निघाली. वीज दिली, पण ती काही बोलली नाही. सर कुणावर चिडले नाहीत. "कुठं चुकलं ते बघू," एवढंच म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून नकाशाला बसले. आपल्या नगरमध्ये काढलेली एक चिप पहिल्या विजेला बोलावी, एवढीच त्यांची आस. त्या आशेवरच त्यांनी शेवटचा नकाशा धाडला आणि ते निवृत्त झाले.

आता सर पुणतांब्याला गोदावरीकाठी राहतात. फोन केला की म्हणतात, "आता पोरं बघतील." इथं त्यांची खुर्ची रिकामी आहे. सकाळी पुसलेली फरशी संध्याकाळपर्यंत तशीच लख्ख. मला त्या फरशीचा राग येतो.

गेल्या आठवड्यात कारखान्यातून त्या शेवटच्या चिपचं पाकीट आलं. सायली आता इथंच शिकवते. तिनं विचारलं, "मावशी, उघडायचं का?"

"सर यायच्या आधी हात तर लावून बघ!" मी दटावलं. तिलाही तेच ऐकायचं होतं.

सर, साठी झाली. गुडघे धड राहोत, त्या बारीक वाटा बघायला नजर शाबूत राहो आणि शंभरीलाही तुम्ही कुणाची तरी चूक आपल्या अंगावर घ्यायला ताठ उभे असा. पण ते सावकाश होऊ द्या. आधी पुणतांब्याहून गाडी धरा. पाकीट कपाटात आहे, कडीला लाल चिंधी बांधली आहे. ती तुम्हीच सोडायची. चिप बोलो न बोलो, चहा मी टाकते.

या खेपेला बूट घालून आत आलात तरी चालेल.