खोल पाण्याकडची रांग

माझ्या मावशीला पाण्याची भीती वाटते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण तिला कशाची भीती वाटते हे तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारायची ती. कुणाला ताप आला, कुणाचं ऑपरेशन ठरलं, कुणाचं लेकरू रात्रभर रडलं, की पहिला फोन मावशीला. ती चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस नोकरी करायची. चष्म्याच्या काड्या वाकवून कानावर नीट बसवणं, नाकावरचे पॅड बदलणं, सैल झालेले बारीक स्क्रू पिळणं, असं काम. तिथून सुटली की घरी सासूबाईंची सेवा.

सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना कुशीवर वळवणं, अंग पुसणं, भरवणं हे सगळं मावशीच करायची. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. माणूस सज्जन, आईवर जीव. पण तिला उचलायची वेळ आली की म्हणायचे, "तुझा हात बरोबर बसतो बघ," आणि हळूच बाजूला व्हायचे.

सासूबाई गेल्या. भाड्यानं आणलेला आजारी माणसाचा उंच पलंग परत गेला आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. मावशीला त्या खोलीत जाऊन काय करायचं ते कळेना. बाकीच्यांना मात्र लगेच कळलं. तिच्या मुलीचा फोन आला, "आई, आता तू मोकळीच आहेस, बाळाला तूच सांभाळ ना." माझी आई म्हणाली, "ताई, आता आपण दोघी भरपूर फिरू." मावशी सवयीप्रमाणे सगळ्यांना हो म्हणाली. आणि मग तिच्या उजव्या गुडघ्यानं नाही म्हटलं. जिना उतरताना एक दिवस तो असा काही धरला की शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून घरात आणलं.

डॉक्टर म्हणाले, "पाण्यात व्यायाम करा. पोहायला शिका."

"या वयात?"

"वय गुडघ्याला कळतं, म्हणून तो दुखतोय. पाण्याला कळत नाही."

घरापासून दोन गल्ल्या सोडून एक बंदिस्त तलाव होता. ओल्या फरशा, नाकात जाणारा औषधी वास, धड न लागणारी लोखंडी कपाटं, आणि कुणी साधं शिंकलं तरी छताला आपटून परत येणारा आवाज. सकाळचा पहिला तास बायकांचा. शिकवायला एक तरुण बाई होती, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळ्या तिला शिट्टीबाई म्हणायच्या. मावशी पहिल्या दिवशी पाण्यात उतरली ती काठाचा दांडा दोन्ही हातांनी धरूनच.

"मावशी, दांडा सोडा."

"सोडते."

"सोडा मग."

"अगं, सोडलाच आहे!"

बोटं पांढरी पडली होती. असं कितीतरी दिवस चाललं. मावशी घरी येऊन काकांना सांगायची, छान झालं आज. काय छान झालं ते सांगायची नाही.

मग एका सकाळी शिट्टीबाईनं तिला उताणं झोपवलं, पाठीखाली हात धरला आणि म्हणाली, छताकडे बघत राहा. मावशी छतावरच्या गंजलेल्या पट्ट्या बघत राहिली. कान पाण्यात, सगळे आवाज लांब गेलेले. बऱ्याच वेळानं तिनं मान वळवली तर शिट्टीबाई पार पलीकडच्या काठावर उभी! म्हणजे पाठीखाली कुणाचाच हात नव्हता. मावशी गडबडली, पाणी प्याली, खोकली, पण उभी राहून पुन्हा आपणहून आडवी झाली.

त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत ती खूप रडली. हे तिनं मला कितीतरी नंतर सांगितलं. "दुःख काही नव्हतं गं. इतकी वर्षं मीच माणूस उचलत होते. मलाही कुणी जरा वेळ उचलून धरावं, असं मनात असेल, हे मला माहीतच नव्हतं."

त्यानंतर तिला पोहण्याचं वेडच लागलं. पाण्यात चष्मा चालत नाही आणि तिला तर चार हातांपलीकडचं सगळं धूसर दिसतं, म्हणून तिनं दुकानातून स्वतःसाठी नंबरचे गॉगल करवून घेतले. मुलीला तिनं पहिल्यांदाच सांगितलं, "सकाळी जमणार नाही. दुपारनंतर आण बाळाला." मुलगी जरा फुगली, पण आणायला लागली दुपारनंतर. मावशी खोल पाण्याकडच्या शेवटच्या रांगेत पोहायची. वेग काही नव्हता. शिट्टीबाई म्हणायची, मावशी पोहत नाहीत, पाण्यातून फेरफटका मारतात. पण ती बाहेर यायची तेव्हा चेहरा असा व्हायचा की काका माझ्या आईला म्हणाले, "लग्नात होती ना, अगदी तशी दिसते."

अशात तिथं एक टेलरबाई आली. अंगानं भारदस्त, आवाजानं त्याहून. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून तिनं जाहीर केलं की ती वर येणार नाही आणि खालीही जाणार नाही. शिट्टीबाईनं समजावलं, शिट्टी वाजवली, हात जोडले. शेवटी मावशी पोहत जवळ आली. "मी कितीतरी दिवस तो दांडा धरून उभी होते. या, दोघी मिळून धरू." टेलरबाई उतरली. महिनाभरात तरंगायलाही लागली, आणि तरंगता तरंगता गप्पा मारायला लागली.

मग काय, बातमी पसरली. घाबरणाऱ्या बायका मावशीला विचारत यायला लागल्या. शिट्टीबाईच्या डोक्यावर तरुण मुलींची मोठी फौज होती. तिचा जीव भांड्यात पडला. "मावशी, हिला तुमच्याकडे देऊ?" मावशी म्हणायची, द्या. एकीचा श्वास अडकायचा, एकीचे पाय बुडायचे, एकीला फक्त कुणीतरी हात धरून उभं राहायला हवं असायचं. मावशीला ते आवडायचं. एखादीचं आखडलेलं अंग हातावर सैल पडलं की तिला स्वतःला तरंगल्यासारखं वाटायचं. पण छातीभर पाण्यात उभं राहण्यातच तास संपायचा.

लक्षात आलं ते काकांच्या. एकदा ती दारातून आत आली तेव्हा ते म्हणाले, "हल्ली तुझे केस कोरडे असतात."

"टोपी घालते मी."

"टोपी पहिल्यापासून घालतेस. कडा ओल्या असायच्या."

त्या दिवशी दुकानात तिनं एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी मोडली. मुलीनं दुपारी बाळाला जरा उशिरा आणलं, तर तिच्यावर उगाच खेकसली. दुसऱ्या दिवशी तिनं गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि तलावावर गेलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मग दुकानात गंमत सुरू झाली. एक बाई आली, चष्मा नाकावरून घसरतो म्हणाली. चष्मा चांगला घट्ट होता. दुसरीचा स्क्रू ढिला, तोही ढिला नव्हता. शेवटी टेलरबाई आली. तिला तर चष्माच नव्हता.

"मला तपासून सांगा, लागेल का चष्मा."

"तपासायला डॉक्टर बसतात आत."

"मला तुम्हालाच बघायचं होतं. गुडघा कसा आहे?"

मावशी म्हणाली, "बरा आहे." थोडा वेळ तिनं हातातल्या फडक्यानं काच पुसली. मग एकदम म्हणाली, "मला पण पोहायचंय."

"मग पोहा की! आम्ही काय तुमचे पाय धरलेत?"

"पाय नाही धरलेत. डोकी माझ्या हातात दिलीत तुम्ही."

टेलरबाई इतकी मोठ्यानं हसली की मालक आतून डोकावले. मग ती गंभीर झाली. "अहो, तोंडानं सांगायचं ना. आम्हाला वाटलं, तुम्हाला यातच आनंद आहे."

"यात आहेच. त्यातही आहे. कुणाला सांगायचं ते कळेना, म्हणून घरी बसले."

दुसऱ्या दिवशी मावशी तलावावर गेली आणि सगळ्यांसमोर बोलली. आधी ती स्वतः पोहणार, दमली की मग यांच्याकडे येणार. तोवर ज्यांना येतं त्यांनी नव्यांना धरायचं. टेलरबाईनं लगेच बाह्या सरसावल्या, म्हणजे बाह्या नव्हत्या, पण हात तसे केले. एक बाई मात्र दुखावली. "मदत करायची तर मनापासून करावी, उरल्यासुरल्या वेळात कसली करता," असं म्हणून निघून गेली ती परत आली नाही. मावशीला ते लागलं. पुढं कितीतरी दिवस दार वाजलं की ती पोहता पोहता मान वर करून बघायची.

दोन वर्षं असंच चाललं. मग तलावाची एक भिंत झिरपायला लागली आणि दुरुस्तीसाठी तो बंद झाला. बायका पांगल्या. मावशी बसनं गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या तलावावर जायला लागली. तिथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं. सगळा तास तिचा. पहिले काही दिवस तिनं पोट भरून पोहून घेतलं. नंतर मला म्हणाली, "इकडून तिकडे जाते, तिकडून इकडे येते. दमही लागत नाही, गोडीही लागत नाही."

"मग इतकी लांब कशाला जातेस?"

"अगं, नाही गेले तर याहून वाईट वाटतं."

त्या तलावात एक बाई रोज यायची. पोस्टातून निवृत्त झालेली, बारीक, केस कापलेले. पोहण्याचा पोशाख घालून काठावर बसायची, पाय पाण्यात सोडायची आणि तास संपला की उठून जायची. मावशी तिच्याजवळून पोहत जायची आणि मान वळवून घ्यायची. "ठरवलं होतं गं, कुणाकडे बघायचं नाही. पण मेली ती बाई पाय असे हलवायची, जसं काही पाण्याला विचारतेय, येऊ का?"

अखेर एका सकाळी ती थांबलीच. काठ धरून तिनं गॉगल वर केले.

पोस्टातल्या बाईनं आधी विचारलं, "पाणी फार गार आहे का हो?"

"उतरताना वाटतं. मग नाही वाटत."

"मी उतरले तर तुम्ही थांबाल?"

मावशीनं तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या मोकळ्या पाण्याकडे. "थांबेन. पण माझ्या चार फेऱ्या राहिल्यात. तेवढ्या झाल्या की येते."

"चालेल," ती बाई म्हणाली. "मला कुठं घाई आहे?"

मावशीनं गॉगल खाली ओढले आणि भिंतीला पाय लावून निघाली. त्या चार फेऱ्या तिनं अगदी सावकाश मारल्या, एकही गाळली नाही, आणि मग उथळ बाजूला येऊन हात पुढे केला.