कुकडेश्वराला बाबा दिसेनासे झाले तेव्हा

मंडळी, तासाभरापूर्वी घरी पोचलो. बाबा जेवून शांत झोपलेत, म्हणून हे लिहू शकतोय.

आज त्यांना पूर गावच्या कुकडेश्वराच्या देवळात नेलं होतं. दरीभर हिरवी भातखाचरं आणि धुकं. देवळाच्या भिंतीवरची जुनी शिल्पं बघताना मी त्यांचा हात सोडला. वळून पाहतो तर बाबा नाहीत! त्यांना विसरण्याचा आजार आहे, कधीकधी स्वतःचं नावही सांगता येत नाही. मी हाका मारत जवळच्या नदीकडे धावलो.

तेवढ्यात खाचरातून एक मावशी ओरडल्या, "पावणं, गुरुजींना हुडकताय व्हय? आमच्या ओसरीवर चा पित्यात!"

बाबा खरंच तिथे निवांत बसले होते. मला रडूच फुटलं.

मावशी म्हणाल्या, "ओतूरच्या शाळंत जायला एसटी पायजे म्हनत व्हते. मी म्हनलं, एसटीला लई येळ हाय, बसा."

बाबांना शाळेतून रिटायर होऊन वीस वर्षं झाली. हे मी त्यांना रोज ओरडून सांगतो. मावशींनी नुसतं बसा म्हटलं, आणि ते बसले.

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर अशा वेळी तुम्ही त्यांना काय सांगता?